अठरा नंबरला कुठे खेळवायचं? ऑगस्ट ते डिसेंबरच्या नोंदी

२४ ऑगस्ट

परळ-नायगावच्या पोरांची आमची पंधरा वर्षांखालची फुटबॉल टीम आहे, मी कोच. त्यातला एक पोरगा लेफ्टी, म्हणजे डाव्या पायाचा. नाव लिहीत नाही, जर्सीच्या नंबरवरून अठरा म्हणतो. बॉल त्याच्या पायाला चिकटलेला असतो. एकास एक सोडला तर समोरच्या बॅकची, म्हणजे अडवणाऱ्याची, कंबर मोडतो. एवढं असूनही गेल्या सीझनला निम्म्या मॅच संपल्यावर प्रश्न पडायचा, आज हा खेळला का?

सल्ले भरपूर मिळाले. मैदानावर रोज येणारे एक काका आहेत, तरुणपणी मिलच्या टीमकडून खेळलेले. त्यांचं म्हणणं, "लेफ्टी आहे ना? मग लेफ्ट आउट. त्यात विचार कसला करायचा?" माझ्या जोडीदार कोचला तो स्ट्रायकरच्या मागे हवाय. पोराला स्वतःला स्ट्रायकरचा नऊ नंबर घालायचाय. प्रत्येकाने एकेक मॅच बघून मत बनवलंय, आणि मॅचगणिक त्याची जागा बदलल्यामुळे कुठल्याच जागेचा नीट अंदाज आलेला नाही.

म्हणून पावसाळा संपताना पद्धतशीर चाचणी सुरू करतोय. त्या आठवड्याच्या प्रॅक्टिसमध्ये तो जिथे खेळेल तिथेच मॅचमध्ये खेळेल. हरत असलो तरी अर्ध्यातून जागा हलवायची नाही. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: बॉल येण्याआधी त्याने मान वळवून मागे पाहिलं का, पहिला टच कुठल्या दिशेला गेला, आणि बॉल गेल्यावर पुढच्या पाच सेकंदांत त्याने काय केलं.

गोल आणि असिस्ट (गोलच्या आधीचा पास) मुद्दाम लिहायचे नाहीत. या वयात मिशा फुटलेला एखादा दांडगा स्ट्रायकर टीममध्ये असला की कुणाचेही असिस्ट वाढतात.

३१ ऑगस्ट

गणपती. अर्धी टीम मंडपात, मैदानात तळं. तेवढ्यात कॅमेऱ्याचं काम उरकलं.

मैदानाला लागून असलेल्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या गोलीचं घर आहे. त्यांच्या गॅलरीतून शूटिंग करायची परवानगी मिळाली. खाली लाइनवर उभं राहून काढलेल्या व्हिडिओत फक्त घोळका दिसतो. बॉल पायात नसताना आपला माणूस काय करतोय ते वरूनच कळतं, आणि मला तेच हवंय. ट्रायपॉडला साडेपाचशे गेले, फोन माझाच.

पहिलं शूटिंग वाया गेलं. गोलीचा धाकटा भाऊ हौसेने बॉलच्या मागे झूम करत राहिला, त्यामुळे अठरा फ्रेमच्या बाहेर. आता फोन आडवा बसवून ट्रायपॉडला दोरीने बांधलाय. झूम नाही, हलवणं नाही. एका हाफला मैदानाचा एकच अर्धा भाग येतो, पण तो पूर्ण येतो.

७ सप्टेंबर – लेफ्ट विंग (डावी कड, काकांचा लेफ्ट आउट)

काल विसर्जन झालं, पोरं पहाटेपर्यंत जागी. निकालाकडे बघू नका, मीही बघितला नाही.

मात्र जे दिसलं त्याला झोप कारण नव्हती. पावसात आमच्या मैदानाचा मधला पट्टा चिखल होतो आणि कडेला गवत टिकतं. कडेला विंगरची चंगळ व्हायला हवी. पण बॉल तिथपर्यंत जाणार कसा? मधून मारलेला पास चिखलात रुततो. अठरा लाइनीवर उभा, कंबरेवर हात. बॉल आला तेव्हा पहिला माणूस आरामात काढला, तोवर दुसरा आला, आणि डावीकडे लाइन. जायला जागाच नाही. असंच पुन्हा पुन्हा. त्यांच्या राइट बॅकने अर्ध्या तासात ओळखलं की याला आत सोडायचं नाही, बाहेर ढकलायचं. बाकीचं काम लाइन करते.

वहीत मान वळवण्याचा रकाना जवळपास रिकामा. विंगवर पाठ लाइनीकडे असते, मैदान आपोआप समोर दिसतं, मान वळवायची गरजच फारशी पडत नाही. म्हणजे या जागेवर माझी ही मोजणी निकामी.

काकांना व्हिडिओ दाखवला. म्हणाले, "त्याला बॉल देत नाही तुम्ही लोक." हेही खरंच आहे.

१४ सप्टेंबर – राइट विंग

ही पोरांची फर्माईश. मुंबई सिटी क्लबचा छांगटे डाव्या पायाचा, तरी उजवीकडून खेळतो. आमची पोरं अंधेरीच्या मैदानावर त्याला बघून आलीत. उजवीकडून आत कट मारायचा आणि डाव्या पायाने ठोकायचा.

अठराने एक गोल तसाच मारला. जल्लोष. घरी जाताना सगळ्यांनी निकाल लावून टाकला की सापडली जागा.

रात्री व्हिडिओ बघितला. त्या एका गोलाव्यतिरिक्त आत कट मारल्यावर तो थेट त्यांच्या दोन मिडफिल्डरच्या तावडीत जात होता. मैदान अरुंद असलं की कट मारून आत यायची वाट आधीच भरलेली असते. छांगटे खेळतो त्या मैदानाची रुंदी वेगळी, आणि बॅकच्या पाठीमागे पळायची त्याची गतीही वेगळी. अठरा चपळ आहे, पण लांब पल्ल्याला वेगवान नाही. वीस मीटरनंतर आमचा स्टॉपरसुद्धा (मधला बॅक) त्याला गाठतो. उजवा पाय तर फक्त उभं राहायला वापरतो.

२१ सप्टेंबर – स्ट्रायकर

थोडक्यात लिहितो. स्टॉपरने पाठीत कोपर लावलं की बॉल जातो, आणि बॉल गेला की चिडतो. पोराची हौस फिटली, इतकाच फायदा.

घरी निघताना एका पालकांनी थिएरी आँरीचं उदाहरण दिलं. विंगवर खेळणाऱ्या आँरीला १९९९ मध्ये आर्सेनलला आणून कोच वेंगरने स्ट्रायकर केलं, मग तुम्ही धीर का धरत नाही? उदाहरण बरोबर, पण आँरीकडे डिफेन्सच्या मागे पळायचा वेग होता. आमच्याला बॉल पायातच लागतो. मोठ्या खेळाडूची जागा बदलली एवढंच लोकांच्या लक्षात राहतं, कशाच्या जोरावर बदलली ते कुणी सांगत नाही.

२८ सप्टेंबर

पावसामुळे मॅच रद्द. लोअर परळला टर्फ (जाळीतलं छोटं कृत्रिम मैदान) घेतलं, दोन तासांचे अडीच हजारांच्या आसपास. पोरांकडून दोनशे-दोनशे काढले.

टर्फवर अठरा म्हणजे राजा. पाचाच्या टीममध्ये तिघांना काढून गोल, पुन्हा तिघांना काढून गोल. बघणारे थांबून बघत होते.

ही सगळी नोंद मी बाद केली, आणि तुम्हीही करा. टर्फवर ऑफसाइड नाही, बॉल जाळीला लागून परत येतो, पास द्यायला माणूस चार पावलांवर असतो. ज्या प्रश्नासाठी मी वही उघडली तो प्रश्न, म्हणजे पाठीमागे काय चाललंय हे कळतं का, टर्फवर फारसा पडतच नाही. मुंबईतली बहुतेक पोरं आता टर्फवरच खेळतात. टर्फ बघून जागा ठरवली की मोठ्या मैदानावर तोंडावर पडायला होतं. पायाची सफाई बघायला टर्फ उत्तम, पण जागा ठरवायला निरुपयोगी.

५ ऑक्टोबर – स्ट्रायकरच्या मागे

माझ्या जोडीदाराची आवडती जागा. इथे खरा रोग सापडला.

या जागेवर बॉल येतो तेव्हा तोंड आपल्या गोलकडे आणि पाठ त्यांच्याकडे असते. अठरा बॉल घेतो, वळतो आणि थेट माणसावर आदळतो. दर वेळी नाही, पण निम्म्याहून जास्त वेळा. बॉल येण्याआधी तो मागे बघतच नाही. यॉर्डेट नावाच्या नॉर्वेच्या अभ्यासकाने मोठे मिडफिल्डर बॉल येण्याआधी किती वेळा मान वळवतात हे व्हिडिओवरून मोजलंय. मी तेच गॅलरीतल्या फोनवरून केलं. आमच्या कॅप्टनची मान सतत फिरत असते. पायाने तो अठराच्या जवळपासही नाही.

आठवडाभर उपाय केला. बारा मीटरचा चौकोन, अठरा मधोमध, मी त्याच्या पाठीमागे लाल किंवा पिवळा बिब (प्रॅक्टिसचं रंगीत जाकीट) वर धरून उभा. बॉल पायात यायच्या आत रंग ओरडायचा. दोन दिवसांत शंभर टक्के बरोबर. मॅचमध्ये शून्य फरक. कारण सरळ आहे. ड्रिलमध्ये त्याला माहीत होतं की मागे सर उभे आहेत, तो मला बघत होता, मैदानाला नाही.

ड्रिल बदललं. चारास चार, वर दोन जादा खेळाडू, बॉल ज्यांच्याकडे त्यांच्या बाजूचे. पहिल्याच टचला माणूस चुकवून पुढे गेलास तर त्या चालीतला गोल दुप्पट. रंग नाही, ओरडणं नाही. आता निदान बघायचं काहीतरी कारण आहे. थोडी मान वळायला लागली.

१२ ऑक्टोबर

मेगाब्लॉक. आमचा लेफ्ट बॅक कळव्याहून येतो, तो ठाण्याला अडकला. बेंचवर दुसरा लेफ्टी नाही. अठराला म्हटलं, आजच्यापुरता तू.

"सर, मी बॅक नाय खेळणार."

"आजच. उद्या बघू."

पहिली दहा मिनिटं तोंड फुगवून खेळला. मग एकदा बॉल त्यांच्या विंगरच्या पायातून काढला, मान वर केली, आणि अख्खं मैदान त्याच्या समोर होतं. डावीकडे लाइनीने न जाता आत घुसला, दोघांना काढलं, मधून पास सोडला. स्ट्रायकर एकटाच गोलीसमोर. पुढे तासभर हेच चालू होतं. त्यांना कळेना याला धरायचं कुणी. विंगर मागे येईना, मिडफिल्डर पुढे जाईना.

हाच पोरगा, हेच ड्रिबलिंग. फक्त बॉल मिळाला तेव्हा तोंड समोर होतं.

शेवटी एक गोल खाल्लासुद्धा. उलट्या बाजूने क्रॉस आला, अठरा बॉल बघत राहिला, त्याचा माणूस मागच्या पोस्टवर मोकळा. डिफेंडर म्हणून तो अजून कच्चा आहे.

संध्याकाळी त्याच्या आईचा फोन. "सर, याने काय केलं? पाठी का टाकला?" आमच्याकडे बॅकला टाकणं म्हणजे शिक्षा. स्ट्रायकर सगळ्यांत हुशार, बॅक म्हणजे उरलेला, असं पोरांना शाळेपासून वाटतं. मी म्हटलं, ताई, उद्या पंधरा मिनिटं या, व्हिडिओ दाखवतो. आल्या. बघून झाल्यावर म्हणाल्या, "हा तर बॅकवरून सगळीकडेच फिरतोय." पोराला राहुल भेकेचं सांगितलं. मुंबईचा पोरगा, राइट बॅक आणि स्टॉपर दोन्ही खेळतो. २०१९ च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनलमध्ये अंधेरीला एक्स्ट्रा टाइममध्ये बेंगळुरूकडून एकमेव गोल त्याचाच. ते ऐकून थोडा शांत झाला. पटलं नाही, पण ऐकून घेतलं.

२६ ऑक्टोबर

दिवाळीत गुडघा दुखायला लागला. वाटीच्या खाली टेंगूळ, दाबलं की कळवळतो. डॉक्टरांनी ऑस्गुड-श्लॅटर सांगितलं. उंची झपाट्याने वाढताना पळणाऱ्या-उड्या मारणाऱ्या पोरांना होतं, वाटीखालचा स्नायुबंध हाडाला जिथे चिकटतो तिथे ताण येतो. वय सरलं की बहुतेकांचं थांबतं. सध्या उड्या बंद, पळणं कमी, दुखेल तेवढं थांबायचं.

यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच निघाली. त्याच्या घरी दाराच्या चौकटीवर उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. जूनपासून चार बोटं वाढलाय. या काळात पोरांचे पाय लांबतात आणि ताबा काही महिने सुटतो. सप्टेंबरमधल्या त्याच्या आडदांड टचपैकी काही याच खात्यात जातात. म्हणजे वेग, उडी, ताकद यांवरून मी जे काही लिहिलं ते अर्धंमुर्धं धरायचं. बघणं आणि निर्णय मात्र उंचीवर अवलंबून नसतात, ते रकाने ठेवतो.

१६ नोव्हेंबर – डावा सेंट्रल मिडफिल्ड

मधला वेळ व्हिडिओ बघण्यात गेला. सगळ्या मॅचमधून त्याच्या चांगल्या चाली वेगळ्या काढल्या आणि एकच गोष्ट विचारली: बॉल घेताना तोंड कुठे होतं? जवळजवळ प्रत्येक चांगल्या चालीत समोर. वाईट चालींत पाठ त्यांच्या गोलकडे, नाहीतर बाजूला लाइन.

तेव्हा जागा शोधायची ती अशी, जिथे बॉल त्याला मागून नाही तर बाजूने येईल, मैदान समोर असेल आणि दोन्हीकडे वळता येईल. इटलीच्या पिर्लोला हेच मिळालं होतं. तरुणपणी तो दहा नंबरच्या जागी, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे, खेळायचा. २००१ मध्ये ब्रेशिया क्लबात ती जागा बाज्जोकडे होती, म्हणून मागे आला, डिफेन्सच्या पुढे, आणि आयुष्यभर तिथेच राहिला. पण अठराला इतकं मागे ठेवणं परवडत नाही, तो ड्रिबल करणारच आणि चुकला तर थेट गोल. लेफ्ट बॅक आणि दहा नंबरच्या मधोमध, डावीकडे, अशी जागा हवी.

त्यासाठी टीमची मांडणी (बॅक-मिडफिल्डर-फॉरवर्ड) ४-४-२ वरून ४-३-३ केली. याची किंमत कॅप्टनने मोजली, त्याला राइट बॅकला जावं लागलं. एका टॅलेंटेड पोरासाठी दहा जणांनी सरकायचं का, हा प्रश्न जोडीदाराने विचारला आणि तो रास्त आहे. मी कॅप्टनला आधी एकट्याला गाठून सांगितलं. दोन दिवस बोलला नाही. नशिबाने राइट बॅक म्हणून तो आधीच्या पोरापेक्षा बरा निघाला. नसता निघाला तर मी मांडणी परत फिरवली असती.

पहिली मॅच हरलो. स्वतःच्या हाफमध्ये ड्रिबल, बॉल गेला, गोल. दुसऱ्यांदाही तसाच.

२३ नोव्हेंबर

आठवडाभर नियम केला: आपल्या हाफमध्ये दोनच टच. अठरा एकदम साधा खेळाडू झाला. बॉल गमावत नव्हता, पण काही करतही नव्हता. बुधवारी नियम रद्द.

नवीन नियम त्यालाच समजेल असा: तोंड आपल्या गोलकडे असेल तर एका टचमध्ये मागे दे आणि पुन्हा माग. तोंड समोर असेल तर तुझी मर्जी. हा चालला. कारण आता कधी ड्रिबल करायचं हे मैदानाच्या रेषेवर नाही, त्याच्या स्वतःच्या उभं राहण्यावर ठरतं. तिरपा उभा राहिला तर बॉल घेता घेताच तोंड समोर होतं, हे त्याने स्वतःच शोधलं. मान वळायला लागली ती इथे, ड्रिलमध्ये नाही.

दुसरी अडचण लेफ्ट विंगरची. तो सवयीने आत यायचा आणि नेमका अठराच्या वाटेत उभा राहायचा. त्याला सांगितलं, चुन्याच्या लाइनीवर पाय ठेव. त्यांचा राइट बॅक त्याच्याबरोबर बाहेर गेला आणि मध्ये वाट मोकळी.

३० नोव्हेंबर

वांद्रे रेक्लमेशनच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर खेळलो. ज्याच्या नावाचं हे मैदान त्याने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले होते. पोरांना सांगितलं, कुणाला माहीत नव्हतं.

मोठं मैदान, सपाट कृत्रिम गवत, पास पोहोचतो. अठरा पहिल्या हाफला अप्रतिम. दुसऱ्या हाफला दम संपला, बॉल गेल्यावरचे पाच सेकंद चालत काढले, आणि त्याच्या मागची जागा उघडी पडली. तिथे त्यांनी दोनदा घुसून एक गोल केला. सहा नंबरला (डिफेन्सच्या पुढचा मिडफिल्डर) डावीकडे सरकायला सांगून तात्पुरतं भागलं. गुडघा आहे तोवर दमाचं काम जपूनच.

१४ डिसेंबर

एका अकॅडमीची ट्रायल. फॉर्मवर जागेसाठी एकच रकाना. पोराला स्ट्रायकर लिहायचं होतं, आईला मी सांगेन ते. मी "मिडफिल्डर (डावा), लेफ्ट बॅकही" लिहायला लावलं. ट्रायलला प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. स्ट्रायकर लिहिलेली पोरं रांगेने उभी असतात आणि बॉल कुणाच्याच वाट्याला धड येत नाही. लेफ्टी बॅक मात्र कमी असतात. अठराला आधी बॅकला ठेवलं, मग आत आणलं. जानेवारीत पुन्हा बोलावलंय. निकाल तेव्हा.

२१ डिसेंबर

समोरच्या टीमला आता अठरा माहीत झालाय. आज त्यांनी एक पोरगा फक्त त्याच्यावर चिकटवला, बॉल कुठेही असो. पहिल्या हाफला बॉलला हात लावावा तसा पाय लावला. दुसऱ्या हाफला त्याला आणि लेफ्ट बॅकला अदलाबदल करायला सांगितलं. चिकटलेला पोरगा गोंधळला, इतक्या मागे जाऊ की नको. अठरा मागून तोंड समोर ठेवून आत यायला लागला आणि दोन चांगल्या चाली झाल्या. आमचा मूळचा लेफ्ट बॅक मात्र मिडफिल्डमध्ये हरवला.

पुढच्या आठवड्याच्या प्रॅक्टिसला ही अदलाबदल बसवायची. अट एकच, लेफ्ट बॅकने आत न येता अठराच्या बाहेरून लाइनीने पळायचं. कळव्याच्या पोराला शनिवारी लवकर बोलावलंय.